वहिनींचं न चुकलेलं गाणं

वहिनी अठ्ठावन्नाव्या वर्षी जॅझ सोडून लोकप्रिय गाण्यांकडे का वळल्या, हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारला त्याची गणती नाही. मी माणूस बघून उत्तर देतो. आमच्या ड्रमवाल्याला सांगितलं, पोरीच्या हट्टापायी. हॉटेलच्या मॅनेजरला सांगितलं, तुमच्या हॉलमधला पंखा डोक्यात पडेल या धास्तीनं. एका वर्तमानपत्रवाल्याला सांगितलं, कलावंतानं सतत नवं काहीतरी शोधत राहायला हवं. ते वाक्य त्यानं ठळक अक्षरांत छापलं, त्यावरून त्याची कुवत कळली. सगळी उत्तरं खोटी. वहिनी घाबरल्या होत्या म्हणून गेल्या. त्या कशाला घाबरल्या होत्या हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक त्या आणि दुसरा मी. आणि दोघांत जास्त घाबरलेला मी होतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा सॅक्सोफोन वाजवायचा, त्या गायच्या, मी मागे डबल बास घेऊन उभा. डबल बास म्हणजे माणसाएवढं चार तारांचं धूड. वाजतं तोवर त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि थांबलं की हॉलमधल्या बहिऱ्यालाही काहीतरी बिनसल्याचं कळतं. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, म्हणजे कुणी विचारलं नाही. पोटासाठी मी दुकानांतले वजनकाटे तपासतो. ठरलेली वजनं पेटीत घालून दुकानोदुकानी जायचं, काटा खरा निघाला तर शिक्का, नाहीतर नोटीस. त्यामुळे दुकानदार मला समोर चहा पाजतात आणि पाठ वळली की शिव्या घालतात. वाजवण्याच्या धंद्यात निदान शिव्या तोंडावर मिळतात.

आमचा अड्डा म्हणजे स्टेशनसमोरच्या हॉटेलातला पहिल्या मजल्यावरचा लांबट हॉल. दर रविवारी दुपारी बारा ते तीन. पियानोचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. उजवीकडे स्वयंपाकघराचं झुलतं दार, त्यातून वेटर ये-जा करायचे आणि नेमका हळवा सूर लागला की आत काचेचं काहीतरी फुटायचं. खांबाआडच्या टेबलावरून गाणारी दिसत नसे, तरी तिथे चार म्हातारे वर्षानुवर्षं ठरवून बसायचे. बघायचं काय त्यात, ऐकायचं, असं त्यांचं म्हणणं. हे म्हातारे सत्तरी ओलांडलेले, पण तेसुद्धा वहिनींना वहिनीच म्हणायचे. मॅनेजर, वेटर, भांडी घासणारी बाई, सगळ्यांच्या त्या वहिनी. खरा दीर मी एकटा, आणि मलाच कुणी विचारत नसे.

वहिनींचं गाणं म्हणजे काय हे सांगायला मी लेखक नाही, पण एक सांगतो. एकच ओळ दोन रविवारी सारखी गायली तर त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं. गाणं तेच, पण आज पहिल्या शब्दावर रेंगाळतील, उद्या शेवटच्या शब्दाला मध्येच गाठतील, परवा सगळी ओळ खाली ठेवून नुसत्या सुरांवर फिरून येतील. त्या अशा फिरायला गेल्या की मी तालाची तीच चार मापं पुन्हा पुन्हा वाजवत राहायचो. त्याला आम्ही फेरी म्हणायचो. बाहेर गेलेलं माणूस परत येईपर्यंत दार उघडं ठेवायचं, एवढंच माझं काम. वहिनी परत यायच्या तेव्हा मान जराशी डावीकडे करायच्या, मी फेरी सोडायचो आणि गाणं पुढे जायचं. तीस वर्षांत ही मान कधी चुकली नाही.

चुकली ती एका साध्या रविवारी. परतीच्या बोटीचं एक जुनं गाणं होतं, त्यांनी हजार वेळा गायलेलं. तिसऱ्या ओळीला त्या आल्या आणि थांबल्या. अंधारात जिना उतरताना पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तशा. मी फेरी धरली. मग त्यांनी शब्दांच्या जागी नुसती अक्षरं गायला सुरुवात केली, दा-बा-दू, री-बा-दी, आणि ती इतकी सुरेल उतरली की खांबाआडच्या म्हाताऱ्यांनी टेबल वाजवलं. जॅझमध्ये हे चालतंच, नव्हे, हे जमणाऱ्यालाच मानतात. मीही हसलो. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी एकदाच पाहिला होता, इस्पितळात दादाला आत नेलं आणि दार बंद झालं तेव्हा.

त्यानंतर दर रविवारी एखादी ओळ गळायची. कधी दोन. आणि जसजशा ओळी गळत गेल्या तसतशा टाळ्या वाढत गेल्या. आमचा ट्रम्पेटवाला सगळ्यांना सांगत सुटला की वहिनी आता शब्दांच्या पलीकडे गेल्यात. एका मासिकात कुणीतरी अडीच पानं लिहिली, त्यात ‘अर्थाच्या ओझ्यातून मुक्त झालेला स्वर’ असं काहीबाही होतं. दोन संगीताचे विद्यार्थी वही घेऊन यायचे आणि वहिनींनी कुठे ‘बा’ म्हटलं, कुठे ‘दू’, ते टिपून घ्यायचे. बाई तिथे बुडत होती आणि काठावर लोक पोहण्याची वाहवा करत होते. मीसुद्धा काठावरच होतो, पण मला पाणी दिसत होतं.

एका बुधवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघरात त्या एकट्याच होत्या. बारकी कामावर गेली होती. बारकी म्हणजे त्यांची मुलगी, माझी पुतणी. सहा फुटांना दोन बोटं कमी, तरी बारकीच. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. वहिनींनी चहा ओतला, खुर्ची ओढली आणि मासिकातली ती अडीच पानं माझ्यासमोर ठेवली.

“वाचलंत?”

“वाचलं. लिहिणाऱ्याला कामधंदा दिसत नाही.”

“भाऊजी, मी शब्द सोडत नाही हो. मला ते आठवत नाहीत.”

मला ते माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि टेबलावर मांडलेलं बघणं वेगळं.

“वय होतं. मलाही किल्ल्या सापडत नाहीत,” मी म्हणालो.

“तुम्हाला वयाच्या विसाव्या वर्षीही सापडत नव्हत्या.” त्या हसल्या, पण लगेच हसू विरलं. “माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी शेजाऱ्यांची नावं. मग रस्ते. मग मी. नऊ वर्षं मी तिचं केलं, तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी शेवटी ती माझ्याशी फार अदबीनं वागायची. परक्या बाईशी वागावं तसं.”

डॉक्टरकडे चला म्हटलं तर त्यांनी मान हलवली. डॉक्टरकडे गेलं की बारकीला कळणार. बारकीला दुसऱ्या शहरातल्या दुकानाची व्यवस्थापक म्हणून बोलावणं आलं होतं, आणि तिला आईची एवढीशी शंका आली असती तरी तिनं तिथल्या तिथे नकार कळवला असता. वहिनींची स्वतःची नऊ वर्षं आईच्या त्या दुखण्यात गेली होती, पोरीची एकही जाऊ द्यायची नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या म्हणाल्या. मूठ झाकायला मी मदत केली. शपथ घेतल्यासारखा मान डोलावून बसलो आणि घरी येताना दोनदा चुकीच्या गल्लीत शिरलो.

आणि तेवढ्यात तो टोपीवाला उगवला. वीस-बावीस वर्षांचा संगीतकार, डोक्यावर लोकरीची टोपी, भर उन्हाळ्यातसुद्धा. त्याची गाणी दुकानांत, रिक्षांत, न्हाव्याकडे वाजायची. त्याला एका गाण्यासाठी वयस्क आवाज हवा होता. रविवारी हॉलमध्ये आला, वहिनींना ऐकलं आणि तीन वाजता समोर येऊन उभा राहिला. पियानोवाल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू ताटात केस सापडलाय. आम्ही सगळे अशा गाण्यांना हसायचो. चार ओळी, त्याच चालीत, पुन्हा पुन्हा. वहिनीसुद्धा हसायच्या.

“कागदावर आहे तसंच गायचं?” वहिनींनी विचारलं.

“तसंच. एक अक्षरही बदलायचं नाही,” टोपीवाला म्हणाला. “लोकांना पाठ होतं ना मग. ते तुमच्याबरोबर गातात.”

“चुकलं तर?”

“चुकलं तर हजार लोकांना कळतं.” तो हसला. त्याला वाटलं आपण गंमत केली.

वहिनी लगेच हो म्हणाल्या. ड्रमवाल्याच्या हातातली काठी पडली. जिना उतरताना मी त्यांना गाठलं आणि हे काय खूळ म्हणून विचारलं. त्या कठड्याला धरून थांबल्या.

“तुम्ही काटा कसा तपासता हो?”

“म्हणजे?”

“ठरलेलं वजन ठेवूनच ना? मग हे माझं ठरलेलं वजन. आपल्या गाण्यात मला पळवाटा फार, भाऊजी. विसरले काय, मुद्दाम सोडलं काय, मलाच आता कळत नाही. या गाण्यात पळवाट नाही. जमलं तर मी ठीक. नाही जमलं तर निदान कळेल तरी.”

मला ते पटलं. पटलं म्हणजे, पटवून घेतलं. काटा कधीही एका वजनावर तपासत नाहीत. रिकामा बघायचा, थोड्या भारावर बघायचा, निम्म्यावर बघायचा, भरून बघायचा. एका वजनावर बिनचूक आणि इतर सगळीकडे धादांत खोटं दाखवणारे काटे मी शेकड्यानं पाहिलेत. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी मला हेच शिकवलं होतं. ते मी त्या जिन्यावर वहिनींना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी उजेड आला होता, आणि दुसरं वजन ठेवलं तर काय दिसेल याची मला भीती वाटत होती.

गाण्याला तीन कडवी होती. धृपद सोपं होतं, ‘ये म्हणालास, आले मी, जा म्हणालास, गेले नाही’. घात होता कडव्यांत. पहिल्यात ‘कालच्या पावसात छत्री तुझी, आजच्या उन्हात सावली माझी’, आणि दुसऱ्यात ‘कालच्या उन्हात सावली तुझी, आजच्या पावसात छत्री माझी’. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला मी मनात बरंच काही सुनावलं. धडधाकट माणूससुद्धा भर उन्हात छत्री उघडून बसेल.

ध्वनिमुद्रण एका खोलीत झालं. भिंतींना काळा स्पंज, खिडकी नाही, मधल्या जाड काचेपलीकडे मशिनवाला आणि टोपीवाला. तिथे एक नवीनच प्रकार कळला. गायलेली ओळ पुन्हा जशीच्या तशी गायची, म्हणजे दोन्ही आवाज एकावर एक ठेवले की भरदार वाटतात. जिनं तीस वर्षांत एक ओळ दोनदा सारखी गायली नाही, तिला स्वतःच्याच आवाजाच्या मापात बसायला सांगितलं. सहा वेळा ते दोन आवाज एकमेकांना अडखळले. सातव्यांदा बसले. वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांची मान घामानं भिजली होती.

“जमलं,” त्या म्हणाल्या. मग हळूच, “पण कागद समोर होता.”

म्हणजे परीक्षा अजून व्हायचीच होती. गाणं बाहेर पडलं आणि महिन्याभरात न्हाव्याच्या दुकानात माझ्या कानावर आलं. न्हावी कात्री थांबवून म्हणाला, काय बाई गातीये. मी गप्प बसलो, कारण कात्री अजून त्याच्या हातात होती. मग जाहीर कार्यक्रमांची बोलावणी आली. आमच्या हॉलमधल्या मंडळींनी तोंडं फिरवली. ड्रमवाला म्हणाला, इतकी वर्षं सोनं राखलं आणि आता पितळेच्या बाजारात जाऊन बसली. वहिनींनी ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. खरं सांगितलं असतं तर त्याच लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं, पण दुसऱ्या दिवशी ते बारकीच्या दुकानापर्यंत पोचलं असतं.

जाहीर कार्यक्रमात वाद्यं नसतात. सगळं आधीच वाजवून ठेवलेलं. गाणारीच्या कानात बोंडं घालतात, त्यात टिकटिक चालू असते, आणि त्या टिकटिकीवर गाणं सरळ पुढे जातं. ते कुणासाठी थांबत नाही. फेरी नाही, दार उघडं ठेवणारा कुणी नाही. मला तिथे वाजवायचं काम नव्हतं. मी ‘नातेवाईक’ लिहिलेला पट्टा गळ्यात घालून पडद्याच्या कडेला उभा राहायचो, हातात कागद. वहिनी अडल्या असत्या तर माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हता. तरी कागद मात्र घट्ट धरलेला.

पहिल्या कार्यक्रमाच्या आधी तीन आठवडे आम्ही घोकलं. त्या भाजी चिरताना म्हणायच्या, कपडे वाळत घालताना म्हणायच्या, मी समोर कागद धरून. चूक झाली की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर फुली. पहिल्या आठवड्यात सगळ्या फुल्याच. प्रत्येक फुलीला त्या पेन टेकवून क्षणभर थांबायच्या आणि मी खिडकीबाहेर बघायचो. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या. तिसऱ्यात एकही नाही. बारकीनं विचारलं, हे काय गं. वहिनी म्हणाल्या, दूधवाल्याचे खाडे. त्यांच्याकडे दूध पिशवीतून येतं, पण पोर घाईत होती.

पहिला कार्यक्रम एका कॉलेजच्या मैदानावर, दुपारी चार वाजता. दोन-अडीच हजार पोरं. वहिनींनी माईक हातात न घेता स्टँडवर लावायला सांगितला. त्यांनी पहिली ओळ घेतली आणि ती सगळी पोरं त्यांच्याबरोबर गायला लागली. पहिलं कडवं गेलं. छत्री तुझी, सावली माझी. दुसरं आलं. मी डोळे मिटले. सावली तुझी, छत्री माझी. बरोबर. तिसरं बरोबर. गाणं संपलं तेव्हा मी कागदाचा चुरगळा करून टाकला होता. गाडीत बसल्यावर वहिनी रडल्या. मग हसल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, मी ठीक आहे.” माझ्या जिवात जीव आला.

असे सदतीस कार्यक्रम झाले. सदतीस वेळा एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि त्या सदतीस कार्यक्रमांच्या काळात मी जे पाहिलं ते आता लपवत नाही. एका गाडीप्रवासात त्यांनी मला ट्रम्पेटवाल्याची एकच गोष्ट तीन वेळा सांगितली. गॅसवर रिकामी किटली लालभडक झालेली मी दोनदा उतरवली. त्यांच्या कपाटात एकाच रंगाच्या चपलांचे चार नवे जोड निघाले. एका दुपारी मला पोळी वाढताना त्यांनी सहज विचारलं, “तुमचे दादा जेवले का?” मी मान खाली घालून जेवत राहिलो. मी बहिरा झालो. त्यांच्याही मग काही लक्षात आलं नाही. जेवण झाल्यावर मी म्हणालो, वहिनी, एकदा गाणं म्हणता का? त्यांनी म्हटलं. सगळं बरोबर. मी निवांत घरी गेलो. असा मी नालायक माणूस.

नालायक म्हणतो, पण मला दुसरं काय सुचणार होतं तेही कळत नाही. आम्ही गाण्याबजावण्यातली माणसं. माणूस शाबूत आहे की नाही हे आम्ही गाण्यावरूनच ठरवणार. दादाला शेवटचा ताप भरला तेव्हाही मी आधी विचारलं होतं, दम पुरतोय का वाजवायला. वहिनी तेच करत होत्या. गाणं पाठ आहे, म्हणजे मी पाठ आहे. बाकी सांडलं तरी चालेल.

वहिनी आता मलाच चिडवायला लागल्या होत्या. मी पडद्याआड उभा राहिलो की म्हणायच्या, “तुम्ही कशाला तंगडतोड करता? घरी बसून वजनं पुसा.” बारकीला त्यांनी सांगून टाकलं की नवी जागा घे, मी ठणठणीत आहे. बारकीनं होकार कळवला. पुढच्या सोमवारी ती निघणार होती. त्याआधीच्या शनिवारी एका नाट्यगृहात दुपारच्या खेळाच्या वेळेत चार गायकांचा कार्यक्रम होता, वहिनी तिसऱ्या. बारकीनं कधी आईला मोठ्या रंगमंचावर पाहिलं नव्हतं, कारण कार्यक्रमाच्या वेळी तिचं दुकान चालू असायचं. त्या दिवशी तिनं सुट्टी घेतली.

आम्ही दोघं पडद्याच्या कडेला उभे राहिलो. वहिनी गायल्या. मी आजवर ऐकलं त्यात सगळ्यांत सुंदर. शेवटचं धृपद लोकांनी एकट्यांनी गायलं आणि वहिनी माईकपासून दोन पावलं मागे होऊन ऐकत राहिल्या. बारकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती मला म्हणाली, “काका, मी उगाच घाबरत होते. मला वाटायचं आई काहीतरी लपवतेय.”

मी म्हणालो, “वेडी आहेस.”

मागे रंगपटात गेलो. भिंतीला लांब आरसा, त्याच्या कडेचे दोन दिवे गेलेले, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. बारकीनं आईला मिठी मारली. “काय गायलीस गं!” वहिनी हसल्या, तिच्या पाठीवर थोपटलं, खुर्चीत बसल्या. थोडं पाणी प्यायल्या. रंगमंचावर चौथी गायिका सुरू झाली होती, तिचे ढोल भिंतीतून ऐकू येत होते. वहिनी आरशात बघून केसांवरून कंगवा फिरवत राहिल्या. मग उठल्या, शाल नीट केली, कानातली बोंडं शोधायला टेबलावर हात फिरवला.

“चला भाऊजी. आपला नंबर आला असेल.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. “झालं ना, वहिनी.”

“काय झालं?”

“गाणं. झालं तुमचं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बारकीकडे. बारकी आधी हसली. आईची थट्टा तिला माहीत होती. मग तिचं हसू थांबलं.

“आई, तू आत्ताच गाऊन आलीस.”

“चेष्टा करू नकोस गं.” वहिनींनी भिंतीकडे बोट केलं. “ही संपली की मीच ना?”

बारकीनं आईचा दंड घट्ट धरला. लोकांचे डोळे तपासणारी पोर ती, तिनं आईच्या डोळ्यांत पाहिलं आणि मग माझ्याकडे वळली. एवढ्या शांतपणे माझ्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं. मला ओरडली असती तर बरं झालं असतं. भीती म्हणजे काय हे मला त्या दिवसापर्यंत कळलंय असं वाटत होतं, पण आजवरची सगळी भीती काहीतरी होईल याची होती. आता ते होऊन गेलं होतं, बरंच आधी, मी कागद धरून समोर बसलो होतो तेव्हाच.

वहिनींनाही आमचे चेहरे बघून काहीतरी जाणवलं. त्या बावरल्या. शालीचं टोक मुठीत धरून त्यांनी आवाज खाली आणला.

“भाऊजी, कागद आणलाय ना? काढा. एकदा म्हणून बघते. छत्री चुकली तर पंचाईत.”

कागद माझ्या खिशात होता. तो काढून मी उलगडला. वहिनी लहान मुलीसारख्या हात मागे बांधून उभ्या राहिल्या, भिंतीतून येणाऱ्या ढोलांकडे लक्ष न देता, आणि त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. छत्री तुझी, सावली माझी. सावली तुझी, छत्री माझी. तिसरं कडवं. धृपद. बारकी माझ्या खांद्यावरून वाचत होती. एकही शब्द चुकला नाही.

“बरोबर?” वहिनींनी विचारलं.

“बरोबर,” मी म्हणालो, आणि बारकीनं माझ्या हातातला कागद काढून घेतला.